स्टीअरिंगमधली पोकळी

टॉवर चौकात आलूबोंड्याच्या ठेल्यासमोर गाडी अडकून पडली होती. पुढे कुणीतरी भर रस्त्यात ई-रिक्षा वळवायला घेतली होती आणि तिच्यामागे सगळा चौक हॉर्न वाजवत उभा होता. जयंतनं कंटाळून समोर पाहिलं, तेव्हा त्याला वेगाच्या काट्याखालचा तो लाल दिवा दिसला. त्यात पट्टा बांधून बसलेल्या एका बारक्या माणसाचं चित्र आणि त्याच्या छातीसमोर एक गोळा. किल्ली फिरवली की हा दिवा थोडा वेळ लागतो आणि विझतो, एवढं त्याला माहीत होतं. आज तो विझला नव्हता. घरापासून इथपर्यंत तो लागलेलाच असावा, आणि आपण त्याच्याकडे पाहत असूनही तो आपल्याला दिसला नव्हता, हे जयंतच्या आत्ता लक्षात आलं. शेजारी अमृता आईच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो म्हणाला, “हा दिवा का लागलाय?” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “बरेच दिवस झाले त्याला. मी सांगितलं होतं तुम्हाला.” तिनं केव्हा सांगितलं होतं ते त्याला आठवेना. सांगितलं असेल, जेवताना, किंवा तो आंघोळीला निघाला असताना. अमृताच्या बोलण्यातलं बरंच काही असं त्याच्या अंगावरून वाहून जात असे, आणि ते त्याला नंतर, ती “मी सांगितलं होतं” म्हणाली की कळत असे.

गाडी तशी दादाची. दादा म्हणजे जयंतपेक्षा बारा वर्षांनी मोठा भाऊ, वसंत पोतनीस, सिंचन खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला. मीनावहिनी गेल्यावर वर्षभरानं त्यानं फ्रीगंजातलं घर सोडलं आणि नानाखेड्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायला गेला. जाताना गाडीची किल्ली जयंतच्या हातात ठेवून म्हणाला, “डोळ्यांना आता जमत नाही. अमृताला शाळेत जायला होईल.” जयंतला तेव्हा भरून आलं होतं. लहानपणापासून दादाच्या वस्तू त्याच्याकडे येत आल्या होत्या. दादाची सायकल, दादाचा कंपास, दादाचा उंची वाढल्यामुळे आखूड झालेला राखाडी कोट. वडील तो तिसरीत असताना गेले, तेव्हापासून दादानं दिलेलं घ्यायचं आणि ते नीट वापरायचं, हाच त्याचा आणि दादाचा संबंध होता. गाडीही त्यानं तशीच घेतली. नीट धुतली, पुसली, आणि अमृताच्या हवाली केली. तो स्वतः बँकेत स्कूटरनं जाई. गाडी रोज अमृता चालवायची, देवास रोडला शाळेत जायला आणि यायला, आणि गेली काही वर्षं आईला दवाखान्यात न्यायलाही तीच.

सोमवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडी मक्सी रोडच्या एका गॅरेजमध्ये नेली. मालक पांचाल म्हणून होता, पन्नाशीचा, तोंडात सुपारी. त्यानं स्टीअरिंगखाली कुठेतरी एक वायर खोचली आणि हातातल्या यंत्राकडे पाहत म्हणाला, “एयरबैग की लाइट है भाईसाब। पुरानी गाड़ी में आती रेती है। सीट के नीचे का तार हिल गया होगा।” त्यानं सीट मागेपुढे सरकवली, खालची पिवळी जोडणी काढून पुन्हा बसवली, यंत्रावरचं एक बटण दाबलं. दिवा विझला. जयंतला एवढं हलकं वाटलं की त्यानं पांचालबरोबर उभं राहून चहासुद्धा घेतला. पण रेल्वे पुलाजवळ, सिंहस्थासाठी सगळा रस्ता खणून पत्रे लावलेत तिथे, खड्ड्यातून चाक बाहेर पडता पडता दिवा पुन्हा लागला. तो माणूस पुन्हा येऊन बसला, छातीसमोरचा गोळा धरून. जयंत त्या पत्र्यांच्या भिंतीशेजारी थांबून राहिला. मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा त्यानं गाडी वळवली.

पांचाल या वेळी वैतागला. बॅटरी तपासली, ती ठीक होती. मग म्हणाला की स्टीअरिंग उघडावं लागेल, आत एक पट्टीसारखी गुंडाळलेली वायर असते, ती तुटली असेल. बॅटरीची तार काढून त्यानं थोडा वेळ जाऊ दिला. “बैग भरा हुआ हो तो मुँह पे फूट जाता है,” असं म्हणून हसला. जयंत बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रस्त्यावरची धूळ पाहत होता. मग पांचालनं हाक मारली, “भाईसाब, ज़रा इधर आओ।”

स्टीअरिंगचं मधलं झाकण त्याच्या हातात होतं. जिथे ते बसवलेलं होतं तिथे एक काळी गोल पोकळी होती, आणि तिच्यात पिवळट पडलेला स्पंजचा तुकडा कोंबलेला होता, गादीतून काढल्यासारखा. “इसमें बैग हैइ नी,” पांचाल म्हणाला. जयंतला अर्थ लागला नाही. पांचालनं पोकळीत बोट घालून दोन वायरींच्या टोकाशी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं काहीतरी बाहेर ओढलं, तांदळाच्या दाण्याएवढं. “ये देखो। ये लगा के गाड़ी को बेवकूफ बना दिया कि बैग लगा हुआ है। अब इसका टाँका छूट गया, तो लाइट आ गई। ये गाड़ी ठुकी हुई है, भाईसाब। सामने से, और ज़ोर से।” मग त्यानं सहज विचारलं, “किससे ली थी?”

“भाई की है,” जयंत म्हणाला.

“तो उनको मालूम होगा।” पांचालनं झाकण पुन्हा हातात तोललं. “क्या करूँ बोलो। नया बैग मँगवाऊँ, या टाँका लगा के लाइट बंद कर दूँ?”

जयंत म्हणाला, आत्ता काहीच करू नका, झाकण तेवढं लावून द्या. आणि त्यानं गाडी तशीच बाहेर काढली. रोजचाच रस्ता, रोजच्याच गाई, पण आता त्याच्या छातीसमोर ती पोकळी होती आणि तिच्यातला तो घाणेरडा स्पंज त्याला झाकणातून दिसत होता. हात स्टीअरिंगच्या मध्यावर जाऊ नयेत म्हणून तो ते कडेला धरून चालवत होता. त्याला अमृताचे हात आठवत होते. तिला स्टीअरिंगच्या अगदी जवळ सरकून बसायची सवय होती. उंची कमी, त्यामुळे सीट पुढे, छाती जवळजवळ टेकलेली. देवास रोडवर ट्रक कसे येतात ते त्याला माहीत होतं. इतकी वर्षं, रोज. दादाला माहीत होतं का? दादासारखा माणूस, जो गॅसचं बटण झोपण्याआधी स्वतः जाऊन पाहायचा, ज्यानं साइटवर एकदा कच्च्या सिमेंटचा स्लॅब पाडायला लावला होता, त्याला माहीत असेल आणि तो बोलला नसेल, हे शक्य नव्हतं. मग त्याला ठाऊकच नसेल. गाडी कधीतरी सर्व्हिसिंगला दिली असेल आणि तिथल्या कुणी आतला माल काढून विकला असेल. हा विचार जयंतनं दोन चौक भक्कम धरून ठेवला. पण गाडी सामनेसे ठुकी हुई है, असं पांचाल म्हणाला होता. आणि दादाची गाडी एकदाच बरेच दिवस घरी नव्हती, वहिनी पडल्या त्या हिवाळ्यात. इंदूरलाच सर्व्हिसिंगला टाकलीय, दादा म्हणाला होता, एवढ्या धावपळीत कुठे आणत बसू.

त्या हिवाळ्यात दादा आणि वहिनी इंदूरला वहिनींच्या मावशीकडे गेले होते, आणि तिथे बाथरूममध्ये पाय घसरून वहिनी पडल्या. पाठीचा मणका गेला. इंदूरच्या हॉस्पिटलातून त्यांना ॲम्ब्युलन्सनं घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळ पलंग लावला, आणि त्या पलंगावरून त्या पुन्हा उठल्या नाहीत. जवळजवळ वर्ष काढलं त्यांनी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगत. “मावशीकडे बाथरूममध्ये पाय घसरला. खाली साबण होता.” शब्दही तेच, क्रमही तोच, कुलकर्णी काकूंना सांगताना आणि दुधवाल्याला हिंदीत सांगतानाही. तेव्हा जयंतला वाटायचं, आजारी माणूस तेच तेच बोलतो. आता गाडी घाटाकडे, हरसिद्धीच्या बाजूला वळवताना त्याला तो साबण अचानक फार भयंकर वाटला. खरंच पडलेलं माणूस साबण सांगत बसत नाही. आणि दादाच्या तोंडावर तेव्हा लाल चट्टे होते, हनुवटीपासून गालापर्यंत, भाजल्यासारखे. न्हाव्याकडचं ब्लेड खराब होतं, असं तो म्हणाला होता, आणि जयंतनं ‘हो का’ म्हटलं होतं. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मीनाला उचलताना मुरगळलं. हो का. सगळं त्याच्या समोर होतं, आणि तो रोज सकाळी त्याच खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होता.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा जयंत सातवीत होता. पोळ्या लाटता लाटता त्या त्याला इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग विचारायच्या आणि चुकलं की लाटणं त्याच्या दिशेनं हलवायच्या, तोंडानं काही बोलायच्या नाहीत, कारण आतल्या खोलीत आई असे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तो नापास झाला तेव्हा घरी न जाता क्षीरसागरच्या मैदानावर बसून राहिला होता. संध्याकाळी वहिनी त्याला शोधत चालत आल्या, शेजारी बसल्या, पदराच्या गाठीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि दोघांनी त्या संपवल्या. निकालाचं त्या अक्षरही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चल. आईंना मी सांगितलंय.” आईला त्यांनी काय सांगितलं आणि आई त्यांना काय म्हणाली, हे त्यानं कधी विचारलं नाही. आईचं बोलणं घरात सगळ्यांना पाठ होतं. वहिनींना ती नावानं हाक मारत नसे, ‘अगं’ म्हणे. साखरेच्या डब्याला कुलूप असे आणि किल्ली आईच्या कमरेला. वहिनींच्या हातची भाजी तिनं एकदा पाहुण्यांसमोर मोरीत ओतली होती. जयंत तेव्हा नोकरीला लागलेला होता, ताटावरच होता. त्यानं मान खाली घालून वरणभात कालवला. वडील गेल्यावर आईनं एकटीनं दोन मुलं वाढवली होती, तिचा स्वभाव कडक झाला होता, त्याला काय करणार, असं घरात सगळे मानत, आणि वहिनीही मानतात असं त्याला वाटे.

रामघाटावर संध्याकाळच्या आरतीला अजून वेळ होता. दादा रोज असतो तिथेच होता, पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर, खांबाला पाठ टेकून. खाली एक पुजारी कुठल्यातरी राजस्थानी कुटुंबाकडून पिंडदान करवून घेत होता. मंत्र भराभर म्हणत मध्येच हिंदीत “जल छोड़ो, जल छोड़ो” सांगत होता. दादा ते पाहत होता. जयंतला पाहून त्यानं शेजारची जागा हातानं झाडली. गेल्या काही महिन्यांत तो फार वाळला होता. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती.

जयंतनं मनात वळणावळणाची सुरुवात ठरवली होती. पण बसल्याबसल्या तो म्हणाला, “दादा, गाडीतली एअरबॅग कधी फुटली?”

दादानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुजाऱ्याकडे पाहतच म्हणाला, “दिवा लागला का?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“कधीतरी लागेल, असं तो गॅरेजवाला म्हणाला होता.”

“कुठे झालं?”

“इंदूर रोडला. तपोभूमीच्या पुढे, घराकडे येताना. विटांची ट्रॉली उभी होती, लाइट नाही, काही नाही. दिवस बुडाला होता.”

“आणि वहिनी?”

“शेजारी होती ना.” दादानं हाताचे तळवे गुडघ्यांवर घासले. “तिनं पट्टा काढून ठेवला होता. आलंच घर, म्हणाली. माझ्या तोंडावर पांढरं काहीतरी येऊन आदळलं, धूर झाला. मला वाटलं, मी मेलो. मग कळलं, मला काहीच झालेलं नाहीये. मग मी तिच्याकडे बघितलं. तिच्या बाजूला बॅग नव्हतीच, जया. त्या मॉडेलमध्ये एकच यायची. चालवणाऱ्याची.”

खाली पुजाऱ्यानं पुन्हा जल सोडायला सांगितलं. जयंतला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्या मनात साबणच येत होता. तो म्हणाला, “मग ते मावशीकडचं, बाथरूम...”

“ते मीनानंच ठरवलं. त्या ट्रॉलीवाल्यांनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या जीपमध्ये घातलं, इंदूरला परत न्यायला. तेव्हा ती शुद्धीवर होती. पाय हलत नाहीत हे तिला कळलं होतं. म्हणाली, घरी सांगा, मावशीकडे पडले. आपण कुठे गेलो होतो ते विचारतील. मावशीलाही तिनंच फोनवर पढवलं.”

“कुठे गेला होतात?”

दादानं मान खाली, पाण्याकडे वळवली. हा एकच प्रश्न त्याला नको होता हे जयंतला दिसत होतं, आणि तरी त्यानं तो पुन्हा विचारला.

“फ्लॅट बघायला,” दादा म्हणाला. “इंदूरला, विजयनगरच्या मागे. चौथा माळा. बयाणा देऊन परत येत होतो. तिला त्या घरातून निघायचं होतं. खूप वर्षं म्हणत होती. मी आज-उद्या करत राहिलो. आमचा विहंग नोकरीला लागला, पुण्याला गेला, मग ती म्हणाली, आता तरी. आता मला कुणासाठी थांबायचंय. ती इतकी खूश होती त्या दिवशी. परतताना पूर्ण रस्ताभर बोलत होती. ओट्याची उंची बघितलीत का, गॅलरीत तुळस कुठे ठेवायची. साखरेचा डबा उघडा ठेवीन म्हणाली, हसायला लागली. मी तिच्याकडे बघत होतो. समोर नव्हतो बघत.”

जयंतनं नदीकडे पाहिलं. पाणी थांबल्यासारखं होतं, कडेला झेंडूची फुलं सडत होती. त्याला वहिनींविषयी वाईट वाटायला हवं होतं, आणि ते वाटतही होतं, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. त्या आपल्याला न सांगता निघाल्या होत्या. शेंगा सोलून देणाऱ्या वहिनी. तो म्हणाला, “मला सांगायचं होतंत. मी काय परका होतो?”

“काय सांगायचं तुला? आम्ही चाललो, आईला तू बघ?” दादाच्या आवाजात राग अजिबात नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. “तू पेपरमधून डोकं वर काढलं असतंस का, जया? मीना म्हणायची, जयंतभावजींचा काही त्रास नाही हो. ते घरात नसतातच. समोर बसलेले असतात तेव्हासुद्धा.”

आरतीची घंटा बांधायला कुणीतरी शिडी आणून टेकवली. दादा तिकडे पाहत राहिला. जयंतला उठून निघून जावंसं वाटलं. मग त्याला अमृताचे हात पुन्हा आठवले, स्टीअरिंगजवळ ओढून घेतलेले, आणि तो म्हणाला, “नवी बॅग का नाही बसवलीस?”

“गॅरेजवाल्यानं विचारलं होतं. मी नको म्हटलं. तिला नव्हती, तर मला कशाला? पुढे दीड-दोन वर्षं मी ती गाडी तशीच चालवली. ट्रकच्या मागे मुद्दाम जवळ जायचो कधीकधी.” त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला. “काही झालं नाही.”

“आणि मग आम्हाला दिलीस.”

“हो.”

“विसरलास?”

“नाही. विसरायला काय झालं. सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. फ्लॅटचं, तिचं. तिनं ते तोंडातून निघू दिलं नव्हतं, पडून होती तरी. मला वाटलं, आता मी कसं सांगू.”

“दादा, अमृता रोज चालवते ती गाडी.”

“माहीत आहे मला.” त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, “रोज सकाळी वाटायचं, आज फोन करून सांगावं. ती शाळेत निघायच्या आत.”

“मग?”

“मग दुपार व्हायची.”

जयंत उठला. दादाला घरी सोडतो असं तो नेहमीच्या सवयीनं म्हणणार होता, पण तो नुसता वळला, आणि दादानंही विचारलं नाही. पायऱ्या चढताना त्याला वाटलं की आपण ओरडायला हवं होतं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं दादाची कॉलर धरली असती. त्याला तसा राग येईल म्हणून तो वाट पाहत चालत राहिला. गाडीपाशी पोचला तरी तो आला नाही. आत बसल्यावर तो दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. फ्रीगंजपर्यंत तो वीसच्या वेगानं आला. मागून येणारे सगळे त्याला शिव्या देत पुढे गेले.

अमृता स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. आतल्या खोलीत आईचा टीव्ही चालू होता, त्यावर कुठलंतरी हिंदी कीर्तन. जयंत दाराशी स्टूल घेऊन बसला. आजवर तो तिथे कधी बसला नव्हता, त्यामुळे अमृतानं एकदा वर पाहिलं. त्यानं सांगायला सुरुवात केली. स्पंजचं सांगितलं, ट्रॉलीचं सांगितलं, दादाच्या बाजूला बॅग होती आणि वहिनींच्या नव्हती हे सांगितलं. अमृताचे हात चालूच होते. स्पंजचं ऐकून फक्त ते थांबले, आणि तिनं स्वतःच्या छातीवरचा पदर जरा सारखा केला. मग पुन्हा पानं खुडू लागली. मग तो विजयनगरच्या फ्लॅटपाशी आला.

“ते माहीत होतं मला,” अमृता म्हणाली.

“काय?”

“फ्लॅटचं. ॲक्सिडेंटचं. स्टीअरिंग रिकामं असल्याचं नाही, ते वहिनींनाही माहीत नसणार. शेवटी शेवटी मी त्यांना स्पंज करायचे ना, तेव्हा सांगितलं होतं त्यांनी.”

“काय म्हणाल्या?”

तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. “म्हणाल्या, तू वेळेत निघ.”

टीव्हीवर टाळ वाजत होते. जयंतनं विचारलं, “मग?” आणि विचारल्याबरोबर त्याला कळलं की घाटावर दादालाही त्यानं हेच विचारलं होतं, याच आवाजात.

“मग काय? आपली ऋता बारावीला होती. मग तुमची बदली होणार होती, ती झाली नाही. मग दादा गेले राहायला, मग आईंना कोण बघणार.” ती हे एखाद्या परक्या बाईचं सांगावं तसं सांगत होती.

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं एकदा. वेगळं राहू या का, म्हटलं होतं. इथेच जवळपास, आईंकडे रोज येता येईल असं. तुम्ही म्हणालात, बघू.”

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. ती कुठे उभी होती, कोणती साडी, सकाळ होती की संध्याकाळ. काहीच आठवेना. त्या जागी नुसतं पेपरचं उघडं पान होतं, आणि त्यावर काय छापलेलं होतं तेही दिसत नव्हतं. तो म्हणाला, “उद्यापासून ती गाडी चालवू नकोस. मी सोडत जाईन तुला शाळेत.”

“बघू,” अमृता म्हणाली.

आतून आईनं हाक मारली. “अमृता.” अमृता जागची हलली नाही. आई अठ्ठ्याऐंशीची झाली होती, पण हाक अजून तशीच होती, शेवटचं अक्षर ओढलेली, घराच्या कुठल्याही कोपऱ्यात पोचणारी. पुन्हा आली. अमृता मेथीकडेच पाहत होती. तिच्या मानेची शीर ताणलेली त्याला दिसत होती. मग तो उठला.

खोलीत औषधांचा आणि ओल्या कपड्यांचा वास होता. आई पलंगावर एका कुशीला कलली होती. “तू कशाला आलास? तिला पाठव.”

“काय हवंय ते मला सांग.”

“तुला नाही जमायचं. तिला पाठव.”

त्यानं पांघरूण बाजूला केलं. चादर भिजली होती, लुगडंही. आईनं दोन्ही हातांनी पांघरूण परत ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. तिला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. तो म्हणाला, “होतं असं, आई, मी बदलतो,” आणि तिच्या पाठीखाली हात घातला. तिचं अंग त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हलकं होतं, पक्ष्यासारखं, आणि त्याच्या हाताला तिच्या बरगड्या लागल्या. तिला कसं वळवायचं, आधी चादर ओढायची की आधी लुगडं सोडायचं, त्याला समजेना. त्यानं ओढलं तेव्हा ती कळवळली. त्यानं हात काढून घेतले आणि खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोरडी चादर कुठे असते? त्यानं पलंगाखाली पाहिलं, खुर्चीवरची घडी उचलून पाहिली, तो टॉवेल होता. या घरात त्याचा जन्म झाला होता.

“अमृता,” त्यानं हाक मारली.

बाहेर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग स्वयंपाकघरातली परात सरकल्याचा आवाज आला आणि पावलं आली. ती दारातून आत आली, त्याच्या बाजूनं पुढे झाली. तिच्या बोटांना मेथीचा कडवट वास होता. तिनं त्याच्या पाठीमागचं कपाट उघडलं. चादरी मधल्या खणात होत्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, एकावर एक घड्या करून ठेवलेल्या. तिनं वरची काढली, खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “जरा बाहेर व्हा.”

तो बाहेर झाला.